दाराबाहेरचा आवाज

आमची गाडी नागपूरची होती. बंगळूरला येऊन कितीतरी वर्षं झाली तरी तिच्या नंबर प्लेटवर एमएच एकतीसच होतं. प्लेट बदलायची म्हणजे आरटीओच्या फेऱ्या, आणि नवऱ्याची नोकरी होसकोट्याच्या कारखान्यात. सकाळी उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं निघणाऱ्या माणसाला आणखी कुठल्या फेऱ्या नको असत. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही ती प्लेट आवडायची. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत एखादा अनोळखी माणूस ती पाहून थांबायचा, "नागपूरला कुठे?" म्हणून विचारायचा आणि मग अर्धा तास हलायचा नाही.

त्या हिवाळ्यात दोन राज्यांमधलं जुनं भांडण पुन्हा पेटलं. टीव्हीवर ते सीमेवरच्या गावांत चाललेलं दिसायचं. तिकडच्या बसला इकडे काळं फासलं की इकडच्या बसच्या काचा तिकडे फुटायच्या. आम्ही बघायचो, च् च् म्हणायचो आणि जेवायला बसायचो. सीमा आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर होती.

माझे सासरे राहायला आले होते. त्यांना देवनहळ्ळीला विमानतळावर सोडून आम्ही घरी परत येत होतो. दुपारची वेळ. नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी आणि मागे आमची मुलगी. ती तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. आजोबा उतरल्यामुळे सगळी मागची सीट तिची झाली होती, आणि ती आडवी पडून काहीतरी स्वतःशीच गात होती.

एका मोठ्या चौकात टायर जळत होतं. गळ्यात कन्नड झेंड्याचे लाल-पिवळे पट्टे घातलेली माणसं गाड्या थांबवून पुढे सोडत होती. आमच्या पुढच्या गाड्या गेल्या. आमची प्लेट पाहिल्यावर एकानं दुसऱ्याला हाक मारली आणि बघता बघता गाडीला गराडा पडला. नवऱ्यानं काच खाली केली. त्याचं कन्नड मोडकंतोडकं, तरी तो हात जोडून बोलत होता, आम्ही इथंच राहतो, इथंच नोकरी करतो म्हणून सांगत होता. एक जण डब्यातला काळा रंग नंबर प्लेटला फासत होता. कुणीतरी बॉनेटवर थापा मारत होतं. तेवढ्यात मागून आमची लेक उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, हे लोक आपल्याला का अडवतायत?"

आणि मागची काच फुटली.

दगड होता की काठी, मी पाहिलं नाही. मी वळले तेव्हा तिच्या केसांत, मांडीवर, सगळीकडे काचेचे बारीक दाणे होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. रडत नव्हती. मी ओरडले असेन. त्या गर्दीतलाच एक माणूस, गळ्यात तसलाच पट्टा असलेला, मागच्या खिडकीतून आत डोकावला. त्याला आत मूल आहे हे बहुधा तेव्हाच कळलं. त्याचा चेहरा उतरला. तो गाडीपुढे जाऊन इतरांना ढकलू लागला आणि आम्हाला हातानं वाट दाखवत ओरडला, "होगी, होगी!" जा, जा. आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी तिला न्हाणीघरात पाटावर बसवून केसांतल्या काचा काढल्या. कानामागं एक ओरखडा, बाकी काही नाही. नशीब, असं फोनवर सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो. त्या रात्री तिनं पोळीबरोबर साखर मागितली, आजोबा पोचले का विचारलं, नेहमीसारखी झोपली.

सकाळी चादर ओली होती. मी ती गुपचूप मशीनमध्ये टाकली.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. मुलगी वर्गात एक शब्दही बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करते, डब्यातलं खाते, लिहिते, पण तोंड उघडत नाही. मी म्हटलं, असं कसं, घरी तर बडबड चालूच असते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात यायला लागलं. घरात ती बोलायची. दाराबाहेर पाऊल पडलं की गप्प. जिन्यात मी तिला काही विचारलं तर ती घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवायची. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्यात, कुठंही. आणि गाडीत बसायची वेळ आली की सीटवर नाही, खाली पायांपाशी बसायची, गुडघ्यांत डोकं घालून. मग गाडीत बसणंच तिनं सोडलं.

नवऱ्यानं रजा काढून आरटीओच्या फेऱ्या मारल्या आणि गाडीला इथली नंबर प्लेट बसवली. तिला दाखवायला तो खाली घेऊन गेला. बघ, म्हणाला, आता कुणी अडवणार नाही. ती बराच वेळ त्या नव्या अक्षरांकडे बघत राहिली. वर घरात आल्यावर, दार लावून घेतल्यावर, तिनं विचारलं, "बाबा, आता आपण मराठी नाही ना?"

"अगं प्लेट बदलली. आपण तेच आहोत," तो म्हणाला.

ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा रडली. हुंदके देऊन, पालथं पडून. आम्हाला वाटलं होतं हे ऐकून तिला बरं वाटेल.

नागपूरहून सासूबाईंचा रोज फोन यायचा. "पोरीला घेऊन येऊन जा बापा इकडे. कशाला राहून राहिले तिथं?" नवरा आधी चिडायचा, मग ऐकून घ्यायला लागला, मग एक दिवस मला म्हणाला की वार्षिक परीक्षा झाली की जाऊ. मी नाही म्हटलं नाही. मला ह्या शहरानं पहिली नोकरी दिली, इथल्या डॉक्टरांनी माझी मुलगी माझ्या हातात दिली, तरी मी नाही म्हटलं नाही.

शाळेच्या बाईंनीच एका बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. तरुण होत्या, इथल्याच, कन्नड बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत तासभर त्या माझ्या मुलीसोबत जमिनीवर बसून ठोकळे रचत राहिल्या. एकही प्रश्न नाही. मुलगी एक अक्षर बोलली नाही आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. नंतर आम्हाला आत बोलावून म्हणाल्या, "तिला बोल बोल म्हणणं आजपासून बंद करा. बक्षीस नको, लाडीगोडी नको, नातेवाइकांसमोर कौतुक नको. ती हट्टानं गप्प बसलेली नाही. गप्प बसून ती कसली तरी राखण करतेय. कसली, ते आपल्याला अजून माहीत नाही."

ते कळलं घेवड्याचे दाणे सोलताना.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बाई राहायच्या. अख्खी इमारत त्यांना अक्का म्हणायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की चौथ्या मजल्यावर ऐकू यावा. त्यांचं घराणं मराठी, पण शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे येऊन इथलंच झालेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. सुरुवातीला मला ते ऐकताना हसू यायचं, आणि माझं मराठी ऐकताना त्यांना. "तुमचं मराठी बातम्यांतल्यासारखं," असं म्हणायच्या. माझ्या मुलीचं गप्प होणं त्यांना पटत नव्हतं. जिन्यात दिसली की अडवायच्या, "काय गं पुट्टी, मूग गिळलास काय?" पुट्टी म्हणजे छोटी. मी त्यांना एकदा बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन आल्या. मी काढू दिली. म्हटलं, असू दे हेही.

एकदा मी आणि मुलगी भाजी घ्यायला कोपऱ्यावर गेलो होतो. अक्का आधीच तिथं होत्या, एका हातात कोथिंबीर, दुसऱ्यात फोन, आणि फोनवर कुणाला तरी भर रस्त्यात मराठीत झापत होत्या. येणारे-जाणारे वळून बघत होते. माझ्या मुलीनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. ती माणसांकडे बघत नव्हती. मेडिकलच्या दुकानाच्या काचेकडे बघत होती, मग बेकरीच्या काचेकडे, मग उभ्या असलेल्या ऑटोच्या. शेवटी तिनं पुढे होऊन अक्कांचा पदर ओढला, जोरानं. अक्कांनी तिच्या डोक्यावर कोथिंबीर टेकवली आणि बोलणं चालूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या स्वयंपाकघरात आल्या. थंडीत इथं घेवड्याचा हंगाम असतो. त्याला अवरेकाई म्हणतात. दाणे भिजवून एकेक चिमटीत दाबून सालातून काढायचे, हे काम एकट्यानं करायचं नसतं. जमिनीवर पेपर पसरला. माझी मुलगी येऊन बसली आणि दाणे दाबायला लागली. मी ओट्यापाशी उभी होते. घर आमचं, दार लावलेलं, म्हणून असेल, पण ती अचानक बोलली.

"अक्का, काल तुम्ही किती मोठ्यानं बोलत होतात."

अक्का चमकल्या, पण टेलिफोन खात्यातली बाई. त्यांनी ते दिसू दिलं नाही. "मग काय करू? माझा धाकटा भाऊ स्वल्प बहिरा आहे. हळू बोललं तर त्याला ऐकायला येत नाही."

"पण मराठीत मोठ्यानं बोललं की काच फुटते."

"कुठली काच?"

"आमच्या गाडीची फुटली ना. बाबा कन्नडमध्ये बोलत होते तोपर्यंत फुटली नव्हती. मी मराठीत बोलले आणि फुटली."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. इतके दिवस आम्ही समजत होतो की ती त्या माणसांना घाबरली आहे. ती स्वतःला घाबरली होती. स्वतःच्या तोंडाला. शाळेत कन्नड, इंग्रजी काहीही बोलत नव्हती, कारण चुकून मराठी निघालं तर? तिनं पूर्ण तोंडच बंद केलं होतं, आम्हाला काही होऊ नये म्हणून. आठ वर्षांच्या पोरीनं आम्हाला राखलं होतं.

मी पुढे होणार तोच अक्कांनी डोळ्यांनी मला थांबवलं. थोडा वेळ दाणे सोलले. मग म्हणाल्या, "अय्यो पुट्टी. आमचं घराणं ह्या गावात मराठी बोलतंय ते कधीपासून, आम्हालाच ठाऊक नाही. आणि आमच्यात हळू कोणी बोलत नाही. बोलण्यानं काच फुटत असती तर ह्या गावात एक काच शाबूत राहिली असती काय?"

ती विचार करत राहिली. "मग कशानं फुटली?"

"कुणीतरी दगड मारला म्हणून."

"का मारला?"

"ते त्याला विचारायला पाहिजे," अक्का म्हणाल्या. "तुला नाही."

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलं असं करतात, म्हणाल्या. मोठ्यांनी केलेल्या वेड्यावाकड्या गोष्टीचं कारण त्यांना कुठं सापडत नाही, मग ती ते स्वतःत शोधतात. निदान तिथं काही करता येतं. "आता तुम्ही तिला 'तसं काही नसतं' म्हणून समजावत बसू नका. तिला स्वतः पडताळून बघू द्या."

मग आमच्या घरी जे चालू झालं त्याची आठवण आली की आजही माझा ऊर भरून येतो. तिनं स्वतः ठरवलं, कुठं आणि केव्हा. आधी बाल्कनीचं दार उघडं ठेवून ती एक शब्द बोलली. "पोहे." बोलून दाराच्या काचेकडे बघत थांबली. काच होती तिथंच होती. मग बाल्कनीत उभी राहून. मग जिन्यात. प्रत्येक वेळी आधी जवळची काच कुठली ते बघायची, बोलायची, पुन्हा काचेकडे बघायची. हात गार पडायचे. मी मोठमोठ्या बैठकांत ताठ मानेनं बोलणारी माणसं पाहिली आहेत, पण इतकं घाबरलेलं असताना इतक्या निर्धारानं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. एकदा गाडीपाशी गेली, मागच्या नव्या काचेसमोर उभी राहिली आणि पुटपुटली, "मी आहे." वॉचमन मामा बघत होते. त्यांना काही कळलं नसेल, पण त्यांनी मान हलवली.

मध्येच एक बंद जाहीर झाला, आणि ती पुन्हा सगळ्या पायऱ्या खाली उतरली. पुन्हा ओल्या चादरी. नवरा म्हणाला, "बघ, इथं राहून होणार नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं, चढण आहे, माणूस घसरतं. ती पुन्हा "पोहे"पासून चढली.

पण शाळेत मात्र नाही. चौथी चालू झाली तरी शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. जायचं नागपूरला हे आमचं एक वर्षानं पुढे गेलं होतं, इतकंच.

चौथीत एक नवी मुलगी आली. तिच्या वडिलांची बदली झाली होती. सीमेवरच्या कुठल्या तरी गावाहून आलेलं कन्नड कुटुंब. माझी मुलगी घरी येऊन तिच्याबद्दल सांगायची. ती नवी मुलगी खिडकीपाशी बसत नाही. दार आपटलं की दोन्ही कान झाकते. सगळे तिला हसतात. "मी नाही हसत," हेही सांगायची.

मग निवडणुकीचा निकाल लागला. जिंकलेल्या उमेदवाराची मिरवणूक शाळेवरून चालली होती, ढोल, घोषणा आणि फटाक्यांच्या माळा. त्या दुपारी मी ऑफिसात असताना बाईंचा फोन आला. बाईंचा आवाज कापत होता. "घाबरू नका," म्हणाल्या, "चांगलं आहे, चांगलं आहे."

पहिली माळ फुटली तशी ती नवी मुलगी किंचाळून बाकाखाली शिरली. कान झाकून, डोळे मिटून, थरथरत. बाई तिच्याकडे धावल्या, वर्गात गोंधळ. त्याआधीच माझी मुलगी आपल्या जागेवरून उठून बाकाखाली गेली होती. तिच्या शेजारी मांडी घालून बसली. तिच्या कानावरचा एक हात हळूच बाजूला केला आणि बोलली. बाईंनी ऐकलं, वर्गानंही ऐकलं.

"हेदरबेड. बरी पटाकी." घाबरू नकोस. नुसते फटाके आहेत.

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत कामाला बसले, आणि दिवसभर मला कुणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं आणि कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. नवऱ्याला कारखान्यात फोन लावला. मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. "काय बोलली?" तो ओरडला. मीही ओरडले, "पटाकी!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी मला पुरलं असतं. पण दोन्ही मुली आता बोलायला लागल्या होत्या, एकमेकींशीच, डबा खाताना, हळू आवाजात. त्या मुलीनं सांगितलं की ती फटाक्यांना का घाबरते. मागच्या थंडीत ती आजीबरोबर पलीकडच्या राज्यातून लग्नाहून परत येत होती. त्यांच्या बसवर कन्नड अक्षरं होती. लोकांनी बस अडवली, काळं फासलं, दगड मारले. काच आजीच्या कपाळात घुसली. "मराठी लोक होते ते," ती म्हणाली. "मराठी लोक फार वाईट असतात."

घरी येऊन माझ्या मुलीनं हे सगळं मला सांगितलं. ती सोफ्यावर बसली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी काहीच म्हणाले नाही. तिला माहीत नाही मी मराठी आहे. मी बोललेच नव्हते ना कधी."

मनात आलं, नको सांगूस. कशाला? इतक्या दिवसांनी एक मैत्रीण मिळाली आहे. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते."

"कशाची?"

"ती परत बाकाखाली जाईल."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं. मी सांगितलं नव्हतं, डॉक्टरबाईंनी नव्हतं, तिनं स्वतः ठरवलं. डब्याच्या सुट्टीत म्हणाली, "नानू मराठी." मी मराठी. आणि आपल्या गाडीचीही काच फुटली होती, तेही सांगितलं.

ती मुलगी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी, त्यानंतरही कितीतरी दिवस. माझी मुलगी एकटी डबा खायची. आता ही पुन्हा गप्प होणार, असं धरून मी चाललेच होते. पण ती गप्प झाली नाही. हजेरीला "प्रेझेंट" म्हणायला लागली. खेळाच्या तासाला कुणाला तरी "बॉल दे" म्हणाली. मी न राहवून विचारलं, तुला वाईट नाही वाटत? "वाटतं," ती म्हणाली. "पण मी खरं बोलले आणि काही फुटलं नाही. ती फक्त रागावली."

एका शनिवारी दाराची बेल वाजली. दारात माझ्याच वयाची एक बाई, शेजारी वेण्या घातलेली मुलगी. मी ओळखलं. "बन्नी," म्हटलं, या. त्या आत आल्या पण बसल्या नाहीत. मी माझ्या तुटक्या कन्नडमध्ये काहीतरी जुळवायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मला मराठी येतं," त्या म्हणाल्या. सीमेकडचं, ठसक्याचं मराठी. "आमच्या गल्लीत सगळीच बोलतात की. मी लहानपणापासनं बोलतोय. हिलाबी येतं. सासूबाईंच्या कपाळाला टाके पडले त्या दिवसापासनं आमच्या घरात मराठी बंद झालं. मीच बंद केलं."

मी खुर्ची पुढे सरकवली. त्या उभ्याच राहिल्या.

"काल ही मला म्हणाली, त्या पोरीच्या केसांत काचा होत्या. खरं काय?"

"खरं," मी म्हटलं. "मीच काढल्या."

मग त्या बसल्या. मी चहा टाकायलाही उठले नाही. आतल्या खोलीत दोन्ही मुली गेल्या होत्या आणि तिथून कन्नडमध्ये काहीतरी कुजबुज येत होती. मग अचानक त्या पाहुण्या मुलीचा आवाज आला, स्वच्छ मराठीत. "माझी पाळी आहे. तू दोनदा टाकलास फासा." आणि माझी मुलगी तिच्यापेक्षा मोठ्यानं, "खोटारडी! एकदाच टाकला!"

त्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात नागपूरला परत जायचा विषय नवऱ्यानं स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला. लेकीला विचारलं तर म्हणाली, "मी सुट्टीत जाईन आजीकडे. इथं माझी मैत्रीण आहे." सासूबाईंना हे फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बरं आहे बापा. पोरगी हुशार निघाली."

आता ती सातवीत आहे. सगळं पुसून गेलं असं मी म्हणणार नाही. गाडीत ती आता बसते, पण मागच्या सीटवर मधोमध, खिडकीपाशी नाही. कुठं गर्दी जमलेली दिसली की तिचा हात आपोआप कानामागं जातो, जिथं ओरखडा होता तिथं. कुठं बंद असला की दोघी मैत्रिणी आदल्या दिवशीच ठरवून एकीच्या घरी राहतात. डॉक्टरबाई म्हणतात, राहू दे, एवढं राहतंच. काय होतं ते तिला कळतं आणि सांगता येतं, हे पुष्कळ आहे.

मागच्या महिन्यात शाळेत कन्नड वक्तृत्व स्पर्धा होती. तिनं भाग घेतला. मराठी घरातली एकटीच मुलगी. अक्कांनी आठवडाभर तिचे उच्चार घासून घेतले होते, आणि तिच्या मैत्रिणीच्या आजी, कपाळावर टाक्यांची रेघ असलेल्या, पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. विषय पाण्याची बचत असा काहीतरी साधाच होता. माझी मुलगी स्टेजवर आली, माईक आपल्या उंचीला ओढला आणि बोलायला लागली. वेळ संपल्याची घंटा वाजली. ती बोलतच राहिली. दुसरी घंटा वाजली. परीक्षकांनी हात वर केला. तिनं त्यांच्याकडे बघून "स्वल्प इरी, सर" म्हटलं, जरा थांबा, आणि तिचं म्हणणं पूर्ण करूनच खाली उतरली.

वेळ ओलांडली म्हणून तिला बाद केलं. ती रागानं लाल होऊन आमच्याकडे आली. "हे काही बरोबर नाही बाबा! माझा सर्वांत चांगला मुद्दा शेवटीच होता."

"हो ना," नवरा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "तो मुद्दा पुन्हा सांग बरं आम्हाला."

आणि तिनं शाळेच्या अंगणात उभं राहून तो पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.